दुसऱ्या पाळीचा प्रेक्षक

आमच्या घरात टीव्ही यायच्या आधी कितीतरी वर्षं टीव्हीवरच्या मालिका येत होत्या, त्या आईच्या तोंडून. लालबागच्या आमच्या चाळीत मजल्यावर एकाच खोलीत टीव्ही होता. संध्याकाळी त्या दाराशी चपलांचा ढीग पडायचा. बाबा गिरणीत. दुसरी पाळी दुपारी साडेतीनला सुरू व्हायची आणि रात्री बाराला सुटायची. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पण त्याचा संध्याकाळचा सगळा कार्यक्रम बाबा साच्यावर उभे असतानाच आटोपलेला असायचा. वरळीचा तो उंच मनोरा गच्चीवरून दिसायचा. त्यातून निघालेलं चित्र आमच्या घरातल्या कमावत्या माणसापर्यंत काही पोहोचत नव्हतं.

ते आई पोहोचवायची. मध्यरात्री आमटी गरम करता करता ती ‘चिमणराव’ मालिका सांगायची. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. दोघांचे आवाज काढायची. बाबा घास हातात धरून विचारायचे, “मगे काय झालां?” मी गोधडीत जागा असायचो. मी तोच भाग संध्याकाळी पाहिलेला असायचा, तरी आईचा वेगळा वाटायचा, कारण तिनेही तो अर्धाच पाहिलेला असे. मध्येच नळाला पाणी यायचं, हंडा लावायला पळावं लागायचं, आणि जे बघायचं राहिलं ते ती स्वतःचं घालून जोडायची. चिमणरावाच्या मूळ कथा लिहिणाऱ्या चिं. वि. जोशींनी न लिहिलेले काही प्रसंग बाबांनी ऐकले आहेत, हे मी आज खात्रीने सांगू शकतो.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तोवर आमच्याही घरात हप्त्यांवर घेतलेला टीव्ही आला होता. आता बाबा संध्याकाळी घरी असत, वेळच वेळ होता. पण ते टीव्हीसमोर बसत नसत. कार्यक्रम लागला की शर्ट चढवून खाली नाक्यावर जाऊन उभे राहत. ‘श्वेतांबरा’ मालिका आली तेव्हा शेजारपाजारचे आमच्याकडे बसले होते आणि घरधनी रस्त्यावर. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. कामावरून आलेल्या माणसाने पाहायची ती करमणूक, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं असावं.

पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी धरली, तीही रातपाळीची. १९८७च्या जानेवारीत रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं आणि रस्ते ओस पडू लागले, तेव्हा बाबा झोपलेले असायचे. दादरच्या हिंदू कॉलनीत आत्या राहायची. तिच्या यजमानांनी आखातातून व्हीसीआर आणला होता. आत्या भाग टेप करून ठेवायची आणि दुपारी बाबा चालत तिच्याकडे जायचे. भाऊ येईपर्यंत ती कॅसेटला कुणाला हात लावू द्यायची नाही. आपल्याला जमेल त्या वेळी, पाट मांडल्यासारखी, मालिका आपली वाट पाहते आहे हे सुख बाबांना पन्नाशीजवळ आल्यावर पहिल्यांदा मिळालं. चाळीच्या सत्यनारायणाला रात्रभर भाड्याचा व्हिडिओ लागायचा, त्यात सिनेमे असत. आत्याची कॅसेट मात्र एकट्या बाबांसाठी होती.

त्यानंतर केबल आली, १९९९ला अल्फा मराठी वाहिनी आणि तिच्यावर ‘आभाळमाया’ मालिका आली, २०१२ला मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. वाहिन्या शेकड्यांनी वाढल्या, पण लोकांची जेवणं मालिकेच्या वेळेवरच होत राहिली.

खरा बदल २०१६चा. त्या जुलैत जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगात ते बनवणारी ती शेवटची कंपनी होती. आणि सप्टेंबरात जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं. आईला माझ्या मुलीने मोबाइलवर मालिका लावायला शिकवलं. आता बाबा नाहीत. आई दुपारी सगळं आवरून, खिडकीशी बसून, काल रात्रीचा भाग पाहते. पाणी आलं तर थांबवते, भरते, पुन्हा लावते. एकही संवाद चुकत नाही.

सगळा मजला एका पडद्यासमोर बसायचा, ते गेलं म्हणून हळहळणारे लेख मी वाचतो. ती हळहळ खोटी नाही. पण त्या खोलीत दुसऱ्या पाळीचा कामगार नव्हता, रातपाळीची नर्स नव्हती, आणि आईसारख्या बायका एक कान नळाकडे ठेवून उंबऱ्यात उभ्या होत्या. प्रक्षेपणाची वेळ पाळणं ज्यांना परवडत होतं त्यांचीच ती मैफल होती. ज्याला हवं त्याला हवं तेव्हा पाहता येतं, ही गोष्ट मला त्या मैफलीपेक्षा मोठी वाटते.

माझी खंत निराळी आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये बाळ कर्वे गेले. त्या रात्री आईला गुंड्याभाऊ दाखवावा म्हणून मी मोबाइलवर शोधत बसलो. तुकडे सापडले, अख्खी मालिका सापडली नाही. त्या काळी टेप महाग होती, पुसून पुन्हा वापरायची रीत जगभर होती. बीबीसीनेही ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे कितीतरी भाग असेच गमावले. त्यांतल्या अनेक भागांचा आवाज मात्र उरला, कारण प्रेक्षकांनी तो घरी टेपरेकॉर्डरवर धरून ठेवला होता. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘वेव्हज’ हे ॲप आणलं, जुने कार्यक्रम तिथे आणि यूट्यूबवर येत आहेत, हे फार चांगलं आहे. पण जे पुसलं गेलं ते ॲपवर कुठून येणार?

ते कदाचित आपल्याच घरी असेल. आत्याच्या माळ्यावर तीन पिशव्या कॅसेट निघाल्या. मुंबईच्या दमट हवेने काहींवर बुरशी आली होती, बाकीच्या मी संगणकावर उतरवून घेतो आहे. गिरगावात, दादरला, परळला, कुणाच्या माळ्यावर ऐंशीच्या दशकातली टेप केलेली व्हीएचएस असेल, तर ती भंगारात देऊ नका. चालणारा व्हीसीआर मिळतो आहे तोवर ती उतरवून घ्या.