शिफ्ट विचारायची राहिली

रग्बीच्या पोरांची ताकद आणि दमसास वाढवायचं काम मी हाती घेतलं, तेव्हा माझ्या गाठीला भोसरीच्या तालमीतली काही वर्षं होती आणि चिंचवडच्या एका जिममधली ट्रेनरची नोकरी. रग्बी मी स्वतः फारसा खेळलो नव्हतो. पण अंग कसं घडवायचं ते आपल्याला कळतं, याची मला पक्की खात्री होती. पुढे जे नुकसान झालं ते या खात्रीमुळेच. आणि ते माझं झालं नाही, एका पोराचं झालं.

आमचा संघ सेव्हन्स खेळायचा. सात-सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये जेमतेम दोन मिनिटं. चौदा मिनिटं ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण मैदान पंधराजणांच्या खेळाचंच, शंभर मीटर लांब, सत्तर मीटर रुंद, आणि ते सातजणांनी राखायचं. पळायचं, धडकायचं, पडायचं, उठून पुन्हा पळायचं. स्पर्धेच्या दिवशी असे दोन-तीन सामने. या खेळाला वेग लागतो, तो पुन्हा पुन्हा काढता यावा लागतो, आणि माणूस अंगावर आल्यावर मान, खांदे, कंबर एकदम घट्ट धरता यावी लागते.

मी मात्र छाती आणि दंड भरण्याचे व्यायाम दिले आणि दमसासासाठी पोरांना निगडीच्या दुर्गा टेकडीवर लांब पळवलं. मानेचा एकही व्यायाम दिला नाही. पोरं आरशात छान दिसू लागली आणि दुसऱ्या डावात त्यांचे पाय जड होऊ लागले. ही चूक लवकर कळली, कारण आम्ही हरत होतो. लांब पळणं कमी केलं, छोट्या जोरदार धावा वाढवल्या, स्क्वॉट आणि डेडलिफ्ट नीट शिकवले, आणि सामने निघू लागले. दुसरी चूक कळायला वेळ लागला, कारण ती करत असताना आम्ही जिंकत होतो.

त्याच सुमारास, २०१९ च्या जूनमध्ये, फिलिपिन्समध्ये भारताच्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधराजणींच्या खेळातला भारताचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. कर्णधार पुण्याची वाहबिझ भरूचा. सामना संपल्यावर ढसाढसा रडणाऱ्या त्या मुलींचा व्हिडिओ मी आमच्या पोरांना दाखवला आणि म्हणालो, एवढं झिजल्याशिवाय हे मिळत नाही. झिजण्याबद्दल मी खूप बोलायचो.

आमची निम्मी पोरं कारखान्यांत कामाला होती. कोणी भोसरीत ट्रेनी, कोणी चाकणला कंत्राटी हेल्पर. आठवड्याला शिफ्ट बदलायची. आमच्या एमआयडीसीत बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते आणि सामने असतात रविवारी. म्हणजे पोरगा सामन्याला यायचा तो शिफ्ट करून तरी, नाहीतर शिफ्ट बुडवून तरी. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या वेळापत्रकात मात्र त्याला जागा नव्हती. सगळ्यांना एकच तक्ता, तेवढेच सेट, तेवढ्याच धावा.

आमच्या संघात एक विंगर होता, विशीतला. कोपऱ्यातून सुटला की कोणाच्या हाती लागायचा नाही. शनिवारी सकाळी तो थर्ड शिफ्ट करून, चाकणहून कंपनीच्या बसने थेट मैदानावर आला. डोळे तांबारलेले, पायांत अजून सेफ्टी शूज. रात्रभर उभं राहून लोखंडी भागांचे क्रेट उचलले होते. बूट बदलता बदलता म्हणाला, "सर, आज हलकं घेतलं तर चालेल का?" मी म्हणालो, "उद्या समोरचा संघ विचारणार आहे का तुला, हलकं घेऊ का म्हणून?" बाकीची पोरं हसली. तोही हसला आणि गुपचूप रांगेत उभा राहिला.

आधी स्क्वॉट झाले, मग चाळीस मीटरच्या धावा. शेवटच्या काही धावा राहिल्या होत्या. तो पूर्ण वेगात होता आणि एकदम त्याचा हात मांडीच्या मागे गेला. दोन-तीन उड्या एका पायावर मारून तो खाली बसला. ओरडला नाही. मी धावत गेलो, तर त्याचं पहिलं वाक्य होतं, "सर, सोमवारी ड्युटी आहे."

हॅमस्ट्रिंग फाटला होता. वेगात पळताना पाय पुढे फेकला जातो, त्या क्षणी मांडीच्या मागचा हा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो. थकलेल्या स्नायूला तो ब्रेक धरवत नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं.

डॉक्टरांनी सहा ते आठ आठवडे सांगितले. कंत्राटी कामगाराला एवढी रजा कोण देणार? हजेरी नाही तर पगार नाही. महिन्याभरात त्याच्या जागी दुसरा आला. खोलीचं भाडं मित्रांनी भरलं, थोडं मी भरलं. ते देताना त्याच्याकडे बघवलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण पाचव्या-सहाव्या आठवड्यात तो चालताना लंगडेना, तेव्हा स्पर्धा जवळ आली होती आणि मी त्याला उतरवलं. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं मी धरून चाललो. पूर्ण वेगाने पळवून पाहिलं नाही, दोन्ही पायांची ताकद तपासली नाही. पहिल्याच सामन्यात त्याच जागी पुन्हा फाटलं. त्यानंतर तो खेळला नाही. आता गावाकडे असतो, दिवाळीला फोन करतो. मला अजून सरच म्हणतो.

मी तालमीत वाढलेला माणूस. वस्तादांनी आमच्याकडून जोर-बैठका किती काढून घेतल्या हे मी पोरांना रंगवून सांगायचो. त्याच तालमीत दुपारी दार लोटून सगळ्यांना झोपवलं जायचं, हे मला आठवायचं नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई, संध्याकाळी एकमेकांची अंगं रगडणं, हा सगळा मेहनतीचाच भाग होता. पहिलवान तालमीतच राहायचा, तिथेच झोपायचा. मी तिथली मेहनत तेवढी उचलली आणि ती रात्रभर लाइनवर उभं राहून, कँटीनचा भात खाऊन आलेल्या पोरांवर लादली.

मग मी एक वही घातली. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारतो, आजचा सराव शून्य ते दहात किती जड गेला. त्याला मिनिटांनी गुणायचं. साठ मिनिटं आणि सात, म्हणजे ४२०. अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांची ही पद्धत जगभर वापरतात. आमच्या वहीत आणखी दोन रकाने आहेत: शिफ्ट कोणती, आणि झोप किती. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंच्या एका अभ्यासात आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांना दुखापतीची शक्यता १.७ पट दिसली होती. आमच्यात थर्ड शिफ्टच्या आठवड्यात सहा तास झोपणाराही सापडत नाही.

त्यामुळे जड वजनं आता गुरुवारी. थर्ड शिफ्टवाल्याला त्या आठवड्यात पूर्ण वेगाच्या धावा नाहीत, चेंडू हाताळणं आणि अंग मोकळं करणं एवढंच. वर्ल्ड रग्बीचा ॲक्टिव्हेट नावाचा दुखापती टाळणारा वॉर्म-अप आहे, वीसेक मिनिटांचा, त्यात मानेचेही व्यायाम येतात. तो रोज होतो. जोडीदाराने घोटे धरायचे आणि गुडघ्यांवरून सरळ पुढे हळूहळू झुकत जायचं, तो नॉर्डिक आठवड्यातून दोनदा. त्याला मशीन लागत नाही, सतरंजी पुरते. आमच्याकडे सतरंजी पहिल्या दिवसापासून होती.

या पट्ट्यात कबड्डी, कुस्ती, फुटबॉल शिकवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचीही पोरं कंपनीतूनच येतात. कोणाला वही बघायची असेल तर गुरुवारी संध्याकाळी मैदानावर या. त्या विंगरच्या आठवड्यांचं पान मी आठवून आठवून नंतर लिहिलंय. आधी ते बघा.