आयर्लंडच्या मैफलीतला उंच पाहुणा

एनिसमधल्या एका अरुंद गल्लीत रिमझिम पाऊस पडत होता. पबच्या दाराशी एक तरुण त्याच्यापेक्षाही उंच वाद्य खांद्याला टेकवून उभा होता. आत जावं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. माझ्या ताईचंही तेच चाललं होतं.

ताई दोन वर्षांपासून इथे नर्स आहे. ड्युटीवरून परतताना या दारातून तिला रोज संगीत ऐकू येतं. पण आपल्याकडे ‘पब’ म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं, त्यामुळे तिने कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. ‘‘एकटी कशी जाणार गं? सगळे आपल्याकडेच बघतील,’’ ती म्हणाली. मी बडोद्याहून दहा दिवसांसाठी आले होते आणि ते दार उघडायचंच, असं ठरवूनच आले होते.

एनिस हे आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या क्लेअर परगण्याचं मुख्य गाव. हा परगणा पारंपरिक संगीतासाठी ओळखला जातो. इथल्या पबमध्ये संध्याकाळी ‘सेशन’ रंगतं. ना स्टेज, ना तिकीट. ज्याला जे वाजवता येतं ते घेऊन तो टेबलाभोवती बसतो. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, शिवाय बासरी, कॉन्सर्टिना, बॅन्जो, कोपराने भाता दाबून वाजवायचे इलन पाइप्स. सगळे मिळून एकच धून वाजवतात. ती दोन-तीनदा झाली की काहीही न सांगता दुसरी सुरू होते. आपल्याकडच्या भजनी मंडळासारखंच वाटलं मला. नवा माणूस आधी मागे बसतो, ऐकतो, मग हळूच सूर लावतो.

आता या कोंडाळ्यात डबल बास कुठे बसवायचा? अक्षरशः हाच प्रश्न होता, कारण वाद्याची उंची जवळपास 6 फूट. हा व्हायोलिनच्या गोतावळ्यातला थोरला दादा. जुन्या हिंदी सिनेमांच्या ऑर्केस्ट्रात गोव्याचे वादकही तो वाजवायचे, त्यामुळे त्याचा तो खोल ‘धुम’ आपल्या कानांना परका नाही. आयरिश संगीताला मात्र त्याची गरजच नव्हती. या संगीतात धून हीच राणी. सोबतीला गिटार आली तीही विसाव्या शतकात, आणि ग्रीसचं बुझुकी तर थेट 1960च्या दशकात.

मग डबल बास आला कुठून? एक वाट नाचाच्या हॉलमधून जाते. पूर्वी लोक घराघरांत, स्वयंपाकघरातल्या फरशीवर नाचायचे. 1935 मध्ये सार्वजनिक नाचासाठी परवाना लागेल, असा कायदा झाला. घरातले नाच रोडावले आणि लोक मोठ्या हॉलकडे वळले. एवढ्या गर्दीत एका फिडलचा आवाज कुठे पुरणार? केइली बँड, म्हणजे नाचासाठी वाजवणारे मोठे वाद्यवृंद, तिथे फोफावले. त्यांत पियानो आला, ड्रम आले आणि काही बँडमध्ये डबल बासही. नाचणाऱ्याच्या पावलांना खालून ठोका मिळाला.

एनिसहून गाडीने पाऊण तासाच्या आत किल्फेनोरा हे चिमुकलं गाव लागतं. सभोवती बरेनचा प्रदेश, चुनखडीच्या करड्या फरशांचा, जणू देवाने अंगण अर्धवट सारवून सोडलेलं. या गावचा केइली बँड 1909चा! 1954 ते 1956 अशी सलग तीन वर्षं त्याने अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकली. आजही हा बँड वाजवतो आणि त्याच्या मागच्या रांगेत डबल बास असतो.

दुसरी वाट लूनासा या बँडची. 1990च्या दशकातल्या या बँडमध्ये ड्रम नाहीत. ट्रेव्हर हचिन्सन यांचा डबल बास आणि सोबतची गिटार, एवढ्यावर बासरी, पाइप्स आणि फिडल सुसाट धावतात. हचिन्सन आधी वॉटरबॉइज या रॉक बँडमध्ये होते. मी त्यांचे व्हिडिओ ताईच्या फोनवर तीनदा पाहिले. तिला वाटलं, मला वेडच लागलंय.

पण हॉल वेगळा, स्टेज वेगळं आणि दहा माणसांचं टेबल वेगळं. आत गिटारवाला एक स्वर धरून असेल आणि बासने दुसराच धरला, तर धून गढूळ होते. त्यामुळे बास घेऊन येणाऱ्याने आधी विचारायचं असतं. आमच्या तरुणानेही शेवटी आत जाऊन विचारलं. फिडल वाजवणाऱ्या आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं, वाद्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातलं स्टूल पायाने बाजूला सारलं. झालं! त्याच्या पाठोपाठ आम्हीही आत शिरलो.

पहिल्या दोन धुनी तो नुसता ऐकत उभा राहिला. तिसरीला त्याने तार छेडली. एका ठोक्याला एक स्वर, मध्ये भरपूर मोकळी जागा. या धुनी बहुतेक डी आणि जी या पट्ट्यांत असतात आणि बासच्या चार तारांपैकी दोन नेमक्या याच स्वरांच्या. बोट न दाबताही तार घुमते. आवाज कानाला कळलाच नाही, बाकाच्या लाकडातून पाठीला कळला. मध्येच तो थांबला, तेव्हा पायाखालची फळी काढून घेतल्यासारखं झालं. ताईने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी भारावून भलत्याच ठोक्यावर टाळ्या वाजवायला लागले, तर शेजारच्या काकूंनी हसत माझ्या हातावर हात ठेवला. हेही इथलं शिष्टाचाराचं शिक्षण.

तुम्हाला जायचं असेल तर शॅनन विमानतळ एनिसपासून अर्ध्या तासावर आहे. आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, शेंगेन व्हिसा चालत नाही. मुलांना पबमध्ये नेता येतं, पण 18 वर्षांखालच्यांना रात्री 9 वाजता, मे ते सप्टेंबरमध्ये 10 वाजता बाहेर पडावं लागतं. जुलैत मिल्टाउन मालबे या गावी विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं. 1973 पासून चाललेल्या या आठवड्यात गल्लोगल्ली वाद्यं दिसतात. आणि हो, पबमध्ये चहाही मिळतो. आम्ही दोन किटल्या रिचवल्या.

साडेदहाला तो तरुण निघाला. एवढं मोठं धूड दारातून बाहेर काढताना त्याची त्रेधा उडाली. ताई उठली आणि दार धरून उभी राहिली. तो म्हणाला, ‘‘मंगळवारी पुन्हा आहे.’’

मंगळवारी मी बडोद्यात होते. रात्री उशिरा ताईचा व्हॉइस मेसेज आला. त्यात बोलणं काहीच नव्हतं, नुसती फिडल होती आणि खालून, अगदी खालून, तो धुम.