उभी रेघ

कागदावर सगळ्यांत सोपी रेघ म्हणजे पट्टी लावून वरून खाली ओढलेली. येवल्यात पैठणी विणणाऱ्या मागावर हीच रेघ सर्वांत महाग पडते.

पैठणीचा काठ जवळून बघा. एक धोटा मधल्या अंगाचा, दोन धोटे दोन काठांचे. अंगाचा धागा काठापाशी येतो, काठाच्या धाग्यात अडकतो आणि माघारी फिरतो. ओळीमागून ओळ, दोन्ही बाजूंना, अख्खी साडीभर. ही कडियल वीण. आपल्याला जी नुसती सरळ किनार दिसते, ती हजारो वेळा गुंफलेली असते.

नाशिकच्या एखाद्या चित्रकाराला आपल्या चित्राची रंगीत सतरंजी हाताने विणून घ्यावीशी वाटली, तर माझं सांगणं एकच : आधी येवल्याला जा. नाशिकहून ऐंशी-एक किलोमीटर. रेशीम-जरीचा पदर आणि पायाखालची सुती किंवा लोकरी सतरंजी यांत वरवर काही नातं दिसत नाही, पण चित्राची सतरंजी आणि पैठणीचा पदर एकाच कुळातले आहेत. रंग संपतो तिथे बाण्याचा आडवा धागा मागे वळतो, दुसरा रंग तिथून पुढे जातो. चित्र कापडावर चढवलेलं नसतं, कापडच चित्र होऊन वाढत असतं.

पदरावरचा पोपट विणताना मी तासन्‌तास बघू शकतो. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसलेला, समोर चौकटींच्या कागदावर नक्षी, ताण्यावर ओळीने रंगांच्या छोट्या कांड्या. चोच आली की लाल कांडी दोन तारा पुढे जाते, परत येते, पुढच्या ओळीत एकच तार सरकते. मग फणीचा ठोका. कागदावरचा बाक इथे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. पायरी कुठे रुंद ठेवायची, कुठे अरुंद, हे बोटं ठरवतात आणि दोन हातांवरून पाहिलं की चोच गोल दिसते. ही गोलाई चित्रकाराची की विणकराची? माझ्या मते विणकराची.

काश्मिरी गालिच्यात तर चित्र आणि हात यांच्यामध्ये एक तिसरा माणूस असतो. नक्काशाने काढलेलं चित्र तो ‘तालीम’ नावाच्या खुणांच्या लिपीत उतरवतो : अमुक रंग, इतक्या गाठी. गालिचा विणणारा चित्र बघत नाही, तालीम वाचतो. आणि स्पेनमध्ये १७७८ साली माद्रिदच्या राजेशाही कारखान्यातल्या विणकरांनी चित्रकार गोयाचं आंधळ्या गिटारवाल्याचं चित्र परत पाठवलं. विणायला फार अवघड म्हणून. गोयाने ते बदलून दिलं. चित्रकलेच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

येवल्यात सतरंजीसाठी विषयही आयता आहे. संक्रांतीला तिथे तीन दिवस गच्च्यांवरून पतंग उडतात, आभाळ लाल-पिवळ्या-जांभळ्या तुकड्यांनी भरून जातं. पतंगाच्या चारही कडा तिरक्या, आणि तिरकी कड मागाला मानवते : दर ओळीला एक-दोन तारा सरकलं की झालं. अवघड आहे तो मांजा. आभाळ उभं चिरत जाणारी ती केसाएवढी रेघ काढायला चित्रकाराला एक क्षण पुरतो, विणणाऱ्याची मात्र पाठ मोडते. मांजा ठेवायचा की गाळायचा, हे दोघांनी मागाशेजारी बसून ठरवावं. फोनवर चित्र पाठवून हे काम होत नाही.

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कापडाचं नाव राखलं गेलं. माणसांची नावं राखणं आपल्या हाती आहे. सतरंजी विणून घ्याल तेव्हा तिच्या पाठीमागे दोघांची नावं घाला, विणणाऱ्याचं आधी. आणि मजुरी चौरस फुटावर ठरवू नका. नक्षी समोर ठेवा, उभ्या रेघा किती आहेत ते विणकरालाच मोजू द्या आणि तो सांगेल ती रक्कम द्या.