अंगठ्याखालची ओळ

तिनं उतारा एका दमात वाचला. कुठं अडखळणं नाही, उच्चार स्वच्छ, पूर्णविरामाला आवाज बरोबर खाली आलेला. कोपऱ्यात माझी अम्मी तसबीह फिरवत ऐकत होती. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण तिची मान डोलली. "माशाअल्लाह, कित्ता साफ पढती!"

मी विचारलं, "क्या समझी, बेटा?"

मुलीनं माझ्याकडं पाहिलं, मग पुस्तकाकडं, मग पुन्हा माझ्याकडं. "पढी ना, टीचर."

ही गोष्ट डिसेंबर २०२४ ची. सोलापुरात उर्दू माध्यमाच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथंच ती दहावी झाली. वडील रिक्षा चालवतात, आई विड्या वळते. बारावीला असलेल्या या मुलीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती : पुढं शिकायचं ते हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात. तिथं तिची खाला राहते, म्हणून घरचे निदान ऐकून तरी घेत होते. पण प्रवेशासाठी परीक्षा होती, आणि परीक्षेत इंग्रजी होतं. "टीचर, आप पढाव," म्हणत ती माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा मी हो म्हणून बसले.

२०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांत पदवीच्या प्रवेशासाठी सीयुईटी ही सामायिक परीक्षा सुरू झाली. तेरा भाषांत ती ठेवली गेली. त्यांत उर्दू आहे, मराठीही आहे. पण तिनं निवडलेल्या अभ्यासक्रमाला इंग्रजीचा पेपर लागत होता. २०२५ साली प्रत्येक पेपराला ५० प्रश्न आणि ६० मिनिटं होती. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकलं तर एक वजा. इंग्रजीत उतारे तीन तऱ्हेचे : माहितीचे, साहित्यातले आणि एखादी हकिगत सांगणारे, फार तर साडेतीनशे शब्दांचे. उतारा पेपरातच पहिल्यांदा भेटणार. गाईड नाही, पाठांतर नाही. आमच्या मुलांचे दोन्ही हात इथंच बांधले जातात.

"पढी ना, टीचर" या तीन शब्दांवर मी त्या रात्री विचार करत राहिले. तिची चूक नव्हती. आमच्याकडं वाचणं म्हणजे हेच. मी स्वतः नऊ वर्षांची असताना कुरआन शरीफचा नाझरा पूर्ण केला. मोहल्ल्यात बताशे वाटले गेले, अब्बांनी मला नवा दुपट्टा आणला. माझा ऐन आणि हम्जा वेगळा ऐकू यायचा, याचं उस्तानीबींना कौतुक होतं. काय वाचलं ते मला ठाऊक नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या आवाजाला त्याची जागा आहे. अम्मीला आजारपणात त्याच आवाजानं झोप लागते. पण पवित्र ग्रंथासाठी शिकलेली सवय आम्ही शाळेतल्या सगळ्याच पुस्तकांना लावली. धडा मोठ्यानं वाचायचा, बाईंनी फळ्यावर लिहिलेली उत्तरं उतरवायची, तीच पाठ करून पेपरात उतरवायची. मला इंग्रजी पाचवीत भेटली. महाराष्ट्रात ती पहिलीपासून सुरू झाली २००० साली, म्हणजे या मुलीला माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त मिळाली. तरी ती माझ्याच जागी उभी होती. वर्षं वाढली, वाचायची रीत तीच राहिली. आणि ती रीत पुढं चालवणाऱ्यांत मी होते, हातात बी.एड.ची पदवी घेऊन.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी दार लावून घेतलं आणि सरावाच्या पुस्तकातला एक उतारा घड्याळ लावून सोडवला. दहापैकी सहा बरोबर आले. चार चुकले. संध्याकाळी ते तिला दाखवले. तिचा विश्वासच बसेना. "टीचर, आपके बी गलत होते?" मला वाटतं, आमचा अभ्यास त्या प्रश्नापासून सुरू झाला.

पहिल्याच आठवड्यात एक उतारा आला. डोंगरातलं गाव, पहाटे उठून पाण्याला जाणाऱ्या बायका, आणि 'स्प्रिंग'. तिला हा शब्द माहीत होता : बॉलपेनमधली. घागरी घेऊन बायका पेनातल्या स्प्रिंगकडं का निघाल्या, हे तिला कळेना. पण विचारायची लाज, म्हणून ती तशीच पुढं वाचत गेली. शेवटी माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, "चश्मा म्हणजे काय गं?"

तिनं माझ्या नाकाकडं बोट केलं.

"आणि चश्म्यावर बायका पाणी भरायला गेल्या, असं म्हटलं तर?"

ती थांबली, आणि मग खळखळून हसली. उर्दूत चश्मा म्हणजे डोळ्यांवरचा, आणि चश्मा म्हणजे झराही. कुठला चश्मा आहे हे शब्द सांगत नाही, आजूबाजूचं वाक्य सांगतं.

तेव्हा मला एक गोष्ट सुचली, जी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. उर्दू लिहिताना आपण जेर-जबर-पेश सहसा देतच नाही. मीम, लाम, काफ ही तीन अक्षरं मी पाटीवर लिहिली. हे 'मुल्क' आहे, म्हणजे देश. 'मलिक' आहे, म्हणजे राजा. 'मलक' आहे, म्हणजे फरिश्ता. आणि 'मिल्क' आहे, म्हणजे मालमत्ता. चारही शब्दांचं लिहिणं एकच. (वर्गात हे सांगितलं, तेव्हा एका पोरानं पाचवा अर्थ सांगितला : दूध!) आमची चौथीतली मुलंसुद्धा वाक्य वाचताना क्षणात ठरवतात, इथं देश आहे की राजा. कुणी शब्दकोश उघडत नाही. मागचं-पुढचं बघून अर्थ ओळखायचा, हा रियाज आमच्या लिपीनंच आम्हांला लहानपणापासून दिलेला आहे. इंग्रजीच्या पेपरात जे कौशल्य मागतात, ते वेगळं काय आहे?

मी तिला म्हटलं, "नवा शब्द आला की घाबरायचं नाही. त्याला जेर-जबर नाहीत असं समज. वाक्य लावून बघ." त्या दिवसापासून ती अडलेल्या शब्दाला 'मीम-लाम-काफ' म्हणू लागली. "टीचर, इस पॅरेग्राफ में तीन मीम-लाम-काफ हैं."

त्याच उताऱ्यातल्या दुसऱ्या प्रश्नानं मात्र मला अडवलं. बायका पहाटे का उठतात? तिनं उत्तर दिलं होतं : गर्दी आणि भांडणं टाळायला. उताऱ्यात लिहिलं होतं की वाट चढाची आहे, सावली नाही, म्हणून ऊन व्हायच्या आत परतायचं असतं. गर्दीचा शब्दही नव्हता. उत्तर चूक, एक गुण वजा.

ती चिडली. "मेरेकू मालूम है ना, टीचर! पाणी के लिए झगडे होतेच."

तिला माहीत होतं, मलाही होतं. त्या दिवसांत आमच्याकडं चार-चार दिवसांनी नळ यायचा, तोही कधी रात्री दोनला. त्या मुलीनं आईबरोबर हंडे लावत कितीतरी रात्री काढल्या होत्या. पाण्याबद्दल तिला त्या उताऱ्याच्या लेखकापेक्षा कदाचित जास्त ठाऊक असेल. आणि मी तिला सांगत होते की तुझं जगणं बाजूला ठेव, पुस्तकात काय लिहिलंय ते बघ. हे सांगताना माझी जीभ जड झाली. उर्दू शाळेत येणाऱ्या मुलांना आपलं जगणं दाराबाहेर ठेवायला आधीच पुष्कळ जण सांगत असतात.

दोन दिवस मला उत्तर सापडलं नाही. मग एक जुनी गोष्ट आठवली. बी.एड.साठी पुण्यात खोली शोधत होते. फोनवर एका बाईंशी सगळं ठरलं : भाडं, डिपॉझिट, किल्ली कुठं मिळेल तेसुद्धा. शेवटी त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "अगं, विसरलेच बघ, ती खोली कालच गेली." त्यांनी उतारा वाचलाच नव्हता. नुसतं शीर्षक वाचलं आणि आपल्या मनातलं उत्तर लिहून टाकलं.

मी ही गोष्ट तिला सांगितली. म्हटलं, "आपल्याला असं कुणी वाचलं की आवडतं का? मग आपण दुसऱ्याला तसं वाचायचं नाही. गवाही देणारा जे पाहिलं तेवढंच सांगतो ना, तसं. समोरच्याचं म्हणणं ही अमानत आहे, त्यात आपलं मिसळायचं नाही. आधी तो काय म्हणतो ते पुरतं ऐकायचं. मग भांडायचं असेल तर खुशाल भांड, मी तुझ्या बाजूनं आहे." ती काही बोलली नाही. पण पुढच्या उताऱ्यापासून तिनं वहीत दोन रकाने पाडले. एकावर लिहिलं 'उसकी बात', दुसऱ्यावर 'मेरी बात'. गुण पहिल्या रकान्याचे. दुसरा रकाना दर उताऱ्यागणिक लांबत गेला, आणि मला तोच वाचायला जास्त आवडू लागलं.

मग आमचा एक नियम झाला. उत्तराला खूण करण्याआधी उताऱ्यातल्या ज्या ओळीतून ते निघतं, त्या ओळीवर अंगठा ठेवायचा. अंगठ्याखाली ओळ नसेल, तर ते उत्तर आपल्या डोक्यातलं आहे, उताऱ्यातलं नाही. जे उत्तर थेट लिहिलेलं नसतं, सुचवलेलं असतं, त्याला दोन ओळींवर दोन अंगठे. पर्यायात 'ऑलवेज' किंवा 'ओन्ली' दिसलं की उताऱ्यातही तितकं ठाम लिहिलंय का, ते तपासायचं. प्रत्येक परिच्छेदाचं सार एका वाक्यात सांगायचं, आणि तेही आपल्या घरच्या दखनीत. इंग्रजीत सार सांगताना ती लेखकाचेच शब्द परत करायची. दखनीत मात्र समजल्याशिवाय बोलताच येत नव्हतं. २०२५ चा रमजान मार्चमध्ये आला. त्या महिन्यात आम्ही सहरीनंतर अर्धा तास बसायचो. चारचे सहा, सहाचे सात झाले. एखाद्या दिवशी परत पाच. चढ कधी सरळ नव्हता.

एप्रिलमध्ये तिचे अब्बा तिला न्यायला आले. एरवी रिक्षात बसूनच हॉर्न द्यायचे. त्या दिवशी आत आले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेले कागद. रिक्षाच्या कर्जाचे होते, सगळे इंग्रजीत. हप्त्यात दरवेळी जास्तीचे पैसे का जातात, हे त्यांना दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कागद माझ्यापुढं केले. मी ते मुलीकडं सरकवले.

तिला वेळ लागला. कायद्याची भाषा, बारीक टाइप, ओळीगणिक मीम-लाम-काफ. मी मध्ये बोलले नाही. वीसेक मिनिटांनी तिनं एका ओळीवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "अब्बा, इथं लिहिलंय. हप्ता एक दिवस जरी लांबला तरी दंड. आणि इन्शुरन्सचे पैसे ह्याच्यातच धरलेत." कागदाच्या तळाशी त्यांची सही होती. दोन वर्षांपूर्वीची, आता त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. ते बराच वेळ तिच्या अंगठ्याकडं बघत राहिले. त्यांच्या आईनं, म्हणजे तिच्या दादीनं, आयुष्यभर सहीच्या जागी अंगठाच उमटवला होता.

मग एवढंच म्हणाले, "और क्या क्या लिख्खा है? पूरा पढ."

हैदराबादला पाठवायचं की नाही, हा विषय त्यांनी त्यानंतर माझ्यापुढं काढला नाही. परीक्षेचा फॉर्म भरून झालाच होता. प्रवासाला ते स्वतः बरोबर गेले.

शेवट गोड करून सांगता आला असता, पण मग तेही मनातलं उत्तर झालं असतं. इंग्रजीत तिला चांगले गुण पडले, आम्ही दोघींनी धरले होते त्यापेक्षा जास्त. दुसऱ्या एका पेपरात ती मागं पडली आणि हैदराबादची यादी तिच्या अलीकडंच थांबली. सध्या ती सोलापुरातच बी.ए. करते. पुन्हा परीक्षा द्यायची की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं आहे; तिच्या अब्बांनीही तसंच म्हटलं, याची मी नोंद करून ठेवते. शनिवारी ती शाळेत येते आणि माझ्या आठवीच्या मुलांना घेऊन बसते. परवा वऱ्हांड्यातून जाताना तिचा आवाज कानावर आला : "अंगूठा किधर है? अंगूठा रख पैले."

माझ्या वर्गातलं मोठ्यानं वाचन मी बंद केलेलं नाही. आवाज हवाच. पण आता धडा वाचून झाला की कुणी खाली बसत नाही. 'क्या समझे?' याचं उत्तर द्यावं लागतं, आणि ते चुकलं तरी चालतं.

एक बदल घरातही झाला आहे. फजरनंतर मी रोज तिलावत करते, तशीच, त्याच सुरात. मग तोच रुकू मराठी तर्जुम्यात वाचते. अम्मी शेजारी बसून असते. पहिले काही दिवस तिनं नुसतं ऐकलं. मग एका सकाळी तिनं तसबीह बाजूला ठेवली, चश्मा चढवला आणि म्हणाली, "ये किधर लिख्खा है, मेरेकू दिखा."

तिला अक्षर लागत नाही. मी तिचा अंगठा धरला आणि त्या ओळीवर ठेवला.