मुक्तागिरी आणि चिखलदरा, एका दिवसात



आपल्यातली बाई प्रवासाला निघाली की पहिला प्रश्न येतो, "कोणता संघ?" मी म्हटलं, आम्ही दोघंच. विचारणारी जरा गप्पच झाली. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्या नऊ वर्षांत आम्ही दोघं मिळून बाभुळगावाबाहेर पडलो ते यवतमाळच्या दवाखान्यापुरते. त्यामुळे या खेपेला मला बसभर माणसं नकोच होती.

यांना चिखलदरा बघायचं होतं, मला मुक्तागिरी. दोन्हींची वाट परतवाड्यावरून जाते, म्हणून वाद मिटला. चातुर्मासात मी गावाची शीव ओलांडत नाही, तेव्हा कार्तिकी पौर्णिमा होऊ दिली. धबधबा बारीक झालेला असतो हे खरं, पण पायाखाली जीवही कमी येतात.

पहाटे चारला निघालो. धामणगाव, चांदूर रेल्वे, अमरावती. दर्शनाशिवाय अन्न घ्यायचं नाही हा माझा नियम, त्यामुळे आधी कुठे जायचं ते आपोआप ठरलं. यांनी अमरावतीत चहा घेतला.

पुढे रस्त्यावर अचलपूरची पाटी दिसली आणि मी सावरून बसले. निर्वाणकांडात अचलपूरच्या ईशान्येला मेढगिरी सांगितलाय, साडेतीन कोटी मुनी तिथून मोक्षाला गेले म्हणून. लहानपणापासून पाठ आहे हो, पण ती दिशा खरोखर गाडीने गाठता येते हे कधी मनातच आलं नव्हतं! आता ही जागा मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात येते. डोंगरावर 52 मंदिरं. माझे गुडघे दहाव्या पायरीपासूनच बोलू लागले. हे देवळात फारसे रमणारे नाहीत, पण पिशवी घेऊन एक पायरी मागे राहून चढत होते. मी पडलेच तर धरायला, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ध्यानस्थ मुनींपुढे वरून मेंढा पडला, त्यांनी त्याच्या कानात णमोकार म्हटला आणि तो देवगतीला गेला, ही कथा मी यांना धबधब्याजवळ बसून सांगितली. पार्श्वनाथांपुढे मात्र मला काही मागायचं सुचलंच नाही.

खाली भोजनशाळेत जेवलो. चार महिन्यांनी ताटात मेथी!

मग चिखलदरा. 1118 मीटर उंची, सागाचं जंगल, हवेत गारवा. गाविलगडावर हे मास्तरच झाले. 15 डिसेंबर 1803 ला हा किल्ला वेलस्लीने घेतला, तोच पुढे 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनशी लढला वगैरे. मी तटावरून दरी बघत होते. मधाच्या बाटल्या घेऊन एक मुलगा मागे लागला. त्याला नाही म्हणताना वाईट वाटलं, म्हणून त्याच्याकडून आवळे घेतले.

यांना सूर्यास्त बघायचा होता. नोव्हेंबरात तो साडेपाचनंतर लगेचच. पाचलाच कठड्याशी बसून आम्ही खाखरे, केळी खाल्ली, गाळलेलं पाणी प्यायलो. यांना रात्री खायची मनाई नाही, तरी माझ्याबरोबर खाल्लं. डबा बंद केला, तेव्हा सूर्य डोंगरावर हातभर होता.

घाट उतरताना म्हणाले, "पुढच्या वर्षी समुद्र? कोकणात एका दिवसात जाऊन येणं व्हायचं नाही मात्र."

मी म्हटलं, मुक्काम करू. कार्तिकीनंतर.