फळी गेली तर जाऊ दे!

शिवऱ्याच्या भातखाचरात पतंग, मोरजीच्या समुद्रात आपटी आणि पायातून निसटलेला बोर्ड... एका कच्च्या काइटसर्फरची डायरी.

सोमवार ते शुक्रवार डेडलाइन, शनिवारी कपडे आणि किराणा, रविवारी मॉल... तुमचंही रुटीन असंच असेल तर माझं म्हणणं तुम्हाला पटेल. जे आपल्याला अजिबात जमणार नाही, असं काहीतरी माणसाने अधूनमधून करून बघावं. मी काइटसर्फिंग निवडलं. आणि सुरुवात कुठे केली असेल? शिवऱ्यात!

हसू नका. शिवरे हे भोर तालुक्यातलं माझं आजोळ. पुणे-सातारा हायवेला लागलात, कात्रजचा बोगदा मागे टाकलात, की खेड-शिवापूर, शिवरे, नसरापूर अशी नावं पाट्यांवर दिसायला लागतात. बहुतेक पुणेकर हा पट्टा काचा वर करून, गाणी लावून पार करतात. थांबलेच तर टोलनाक्यावर, नाहीतर बनेश्वरला. शिवगंगेचं हे खोरं, आजूबाजूला डोंगर, पावसाळ्यात हिरवीगार भातखाचरं. समुद्र? तो सह्याद्रीच्या पार पलीकडे.

पण काइटसर्फिंगचा पहिला धडा पाण्यात नसतोच, तो जमिनीवर असतो. आधी काइट उडवायला शिका, पाण्याचं नंतर बघू. त्यासाठी दोन-तीन चौरस मीटरची छोटी ट्रेनर काइट मिळते. एका मित्राने ती मला उसनी दिली होती. पुण्यात मोकळी जागा शोधून दमले आणि शेवटी मामाला फोन लावला. मामाने भात कापून झालेलं, विजेच्या तारांपासून लांबचं एक खाचर दाखवलं आणि बांधावर बसकण मारली. दहा मिनिटांत अर्धी आळी जमा.

“काटाकाटी करायची का?” एका पोराने विचारलं.

काटाकाटी राहिली बाजूला, त्या पिटुकल्या काइटने मला दोनदा तोंडावर पाडलं आणि एकदा ढेकळांवरून ओढत नेलं. डोंगरांमुळे इथला वारा गोल गोल फिरतो, मध्येच मरतो, मध्येच उसळतो. पण संध्याकाळपर्यंत एक गोष्ट हाताला कळली. बार घट्ट आवळून धरला की काइट पिसाळते, हात सैल सोडला की शहाण्यासारखी उभी राहते.

भानगड काय आहे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हवा भरलेली मोठी काइट, साधारण वीस-पंचवीस मीटर लांब दोऱ्या, हातात बार, कमरेला हार्नेस आणि पायाखाली बोर्ड. काइट वारा पकडते आणि तुम्ही पाण्यावरून सुसाट! माझ्या वाट्याला आलेली काइट १२ चौरस मीटरची होती, म्हणजे पुण्यातल्या वन-बीएचकेच्या बेडरूमएवढी. बेडरूम आभाळात उडतेय आणि तुम्ही तिला बांधलेले आहात, अशी कल्पना करा.

हवा भरायच्या काइटची आयडिया ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या दोन फ्रेंच भावांची. त्यांनी १९८४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पाण्यात पडली तरी पुन्हा उडवता येईल अशी काइट त्यांना हवी होती. लोकांनी ती सिरियसली घ्यायला पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये मात्र काइटच्या शर्यती झाल्या. मार्सेच्या समुद्रात ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिजने आणि ऑस्ट्रियाच्या व्हॅलेंटिन बॉण्टसने गोल्ड नेलं. म्हणजे हा आता टाइमपास राहिलेला नाही!

मामीची अट

शिवऱ्यात हे सगळं कौतुकाने ऐकून घेतलं गेलं. फक्त मामी गप्प होती. भोरच्या पट्ट्यात पाणी हा गमतीचा विषय नाही. भाटघर धरण याच तालुक्यात. २०२२ च्या मे महिन्यात तिथे एकाच घरातल्या पाच जणी बुडाल्या. त्या बातमीनंतर मामी कुणालाही धरणाकडे फिरकू देत नाही. तिचं म्हणणं एकच, पाण्यात एक गेला की दुसरा त्याला धरायला जातो, आणि मग मोजायला माणसं उरत नाहीत.

रात्री जेवताना तिने विचारलं, “त्या फळीला दोरी बांधलेली असते का गं?”

“नसते.” बोर्डला पायाशी दोरी बांधली, तर ताणलेली दोरी बोर्ड उलटा खेचून आणते आणि तो डोक्यात बसू शकतो. म्हणून शिकणाऱ्यांना ती सहसा देत नाहीत.

“मग सुटली तर?”

“आणायची परत.”

मामीने ताटात भाकरी वाढली. “फळी गेली तर जाऊ दे. तू ये.”

मी “हो गं” म्हटलं. आपण फोनवर आईला म्हणतो तसंच, लक्ष न देता.

मोरजी, दुपारी दोन

फेब्रुवारीत रात्रीची बस पकडून गोवा गाठलं. पेडणे तालुक्यातलं मोरजी. एका टोकाला शापोरा नदीचं मुख, किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी राखलेला भाग, आणि शॅक्सच्या पाट्यांवर मराठी-कोकणीपेक्षा रशियन जास्त! सकाळी समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत. मी म्हटलं, गंडलो. इन्स्ट्रक्टर हसला. दुपारपर्यंत जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला धावत येते. एकच्या पुढे वायव्येकडून वारा सुरू झाला. १२ नॉट, म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर. आभाळात पटापट काइट्स उगवल्या.

पहिले दोन दिवस बोर्डला हातही लावू दिला नाही. नुसतं ‘बॉडी ड्रॅगिंग’. म्हणजे काइट उडवायची आणि बोर्डाशिवाय, पोटावर पडून, पाण्यातून ओढले जायचं. नाकातोंडात खारं पाणी. मला वाटलं, पैसे भरून हे काय चाललंय? बोर्डवर उभं कधी करणार?

तिसऱ्या दिवशी उभी राहिले. मोजून चार सेकंद! पाचव्या सेकंदाला समोरची लाट, पाय सुटले, आणि डोकं वर काढलं तर बोर्ड दहा-बारा मीटरवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आरामात डुलत होता.

दहा मीटर म्हणजे काय हो? आमच्या सोसायटीचा पूलही त्यापेक्षा मोठा आहे. मी एका हाताने बार धरला, दुसऱ्याने पाणी मारत सरळ बोर्डकडे पोहायला लागले. नजर बोर्डवर, काइटकडे लक्षच नाही. आणि काइटने आभाळातून सूर मारला.

पुढचं नीट आठवत नाही. मी पाण्याखाली होते, मग पाण्यावर, मग पुन्हा खाली. थांबले तेव्हा बोर्ड दहाऐवजी चाळीस मीटरवर होता. खोकताना छाती दुखत होती. पायाखाली जमीन नव्हती. त्या क्षणी मला मोरजी दिसत नव्हतं, भाटघर दिसत होतं.

हेल्मेटमधल्या रेडिओतून आवाज आला, “बोर्ड को भूल जा! पहले काइट!”

सरळ जायचंच नाही

इथे त्या दोन कंटाळवाण्या दिवसांचा उपयोग कळला. गणित असं आहे. बोर्ड पाण्यावर आडवा पडलेला असतो, त्याला वारा फारसा लागत नाही. तो सावकाश वाहतो. तुम्ही मात्र बेडरूमएवढ्या काइटला बांधलेले. ती डोक्यावर शांत उभी असली तरी तुम्हाला वाऱ्याबरोबर पुढे नेतच असते. म्हणून बोर्ड नेहमी मागे, वाऱ्याच्या वर राहतो. आणि वाऱ्याच्या तोंडावर सरळ पोहत जाणं काइटसकट कुणालाच जमत नाही.

मग करायचं काय? काइट एका बाजूला, घड्याळात दहा किंवा दोन वाजतात तिथे आणून ठेवायची. मागचा हात बारवर. ज्या बाजूला जायचंय तिकडचा हात सरळ पाण्यात लांब करायचा, अंग कुशीवर ताठ. आता तुमचं शरीरच होडीच्या कण्यासारखं काम करतं, पाण्यात रुतून बसतं आणि घसरू देत नाही. तुम्ही वाऱ्याला तिरके, जराजरा वर सरकत जाता. थोडं गेल्यावर काइट दुसऱ्या बाजूला, हात बदल, पुन्हा तिरकं. असं नागमोडी.

सगळ्यात अवघड काय सांगू? पहिल्या वळणात तुम्ही बोर्डपासून लांब जाता. मुद्दाम! मी समुद्राच्या दिशेला निघाले आणि बोर्ड लाटेआड दिसेनासा झाला. प्रत्येक नस ओरडत होती, वळ, वळ, तो तिकडे आहे. वळले नाही. किनाऱ्यावरच्या एका निळ्या शॅककडे बघत राहिले. आधी तो माझ्या मागे पडला होता. दुसऱ्या वळणानंतर समोर आला. तिसऱ्यानंतर मी त्याच्याही वर होते. म्हणजे जमत होतं! लाटेच्या माथ्यावर गेले की एक नजर बोर्डकडे, बाकी सगळं लक्ष काइटवर.

पाचव्या वळणाला बोर्ड हाताच्या अंतरावर आला. इन्स्ट्रक्टरचं एक वाक्य ऐनवेळी आठवलं, लाट आणि आपण यांच्यामध्ये बोर्ड येऊ द्यायचा नाही, नाहीतर लाट तो आपल्यावर आपटते. बाजूने गेले आणि हँडल धरलं. पंधरा मिनिटं लागली असतील. चार सेकंद उभं राहण्यापेक्षा त्या पंधरा मिनिटांचा मला जास्त अभिमान आहे.

गोष्ट इथे संपवली असती तर छान वाटली असती. पण चौथ्या दिवशी संध्याकाळी बोर्ड पुन्हा सुटला. वारा पडत चालला होता, काइट मध्येच सैल पडत होती, आणि वायव्येच्या वाऱ्याबरोबर सरकत मी शापोराच्या मुखाच्या बाजूला बरीच खाली आले होते. नदीच्या मुखाशी पाण्याची ओढ वेगळीच असते. मला आता बोर्ड आणता येतो, हे मला माहीत होतं. तोच प्रॉब्लेम होता. दोन वळणं घेतली, शॅक काही वर सरकेना. बोर्ड दिसत होता. भाड्याचा होता, मोडला-हरवला तर भरून द्यावा लागणार होता. डोक्यात तो आकडा फिरत होता.

“फळी गेली तर जाऊ दे.”

काइट किनाऱ्याच्या बाजूला घेतली आणि बोर्डकडे पाठ करून, ओढली जात, वाळूवर आले. बसून राहिले. रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. वीसेक मिनिटांनी एका लाटेने बोर्ड वाळूवर आणून टाकला, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. वारा किनाऱ्याकडे असेल तर बोर्ड बहुतेक वेळा येतोच, इन्स्ट्रक्टर म्हणाला. नसता आला तरी मी तिथे होते, एवढं खरं.

परत शिवरे

परतीची बस पहाटे हायवेवर थांबवून घेतली. मामी अंगणात होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, “काळी पडलीस” म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. मामाला मी सगळं हातवारे करून समजावलं. सरळ जायचं नाही, तिरकं जायचं, अंग ताठ, घाई नाही...

मामाने शांतपणे ऐकून घेतलं. “पुराच्या ओढ्यातनं पलीकडं जायचं म्हंजी तिरकंच जावं लागतंय. एवढं पैसं भरून ह्येच शिकलीस व्हय?”

हो मामा, हेच. आणि कधी परत फिरायचं, तेही. ते मामीने फुकटात सांगितलं होतं.

तुम्हालाही जायचंय?

कधी: नोव्हेंबर ते मे, त्यातही फेब्रुवारी ते एप्रिल वारा चांगला. पावसाळ्यात समुद्राचं नाव काढू नका.

कसं: पुण्याहून रात्रीची बस. विमानाने जायचं तर २०२३ पासून सुरू झालेला मोपाचा विमानतळ मोरजीला जवळ.

किती दिवस: बेसिक कोर्सला तीन-चार दिवस हवेत. वीकेण्डला जोडून दोन सुट्ट्या टाका. बॉसला कारण तुमचं तुम्ही द्या.

काय बघाल: पोहता येणं मस्ट. इन्स्ट्रक्टर सर्टिफाइड आहे का, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट देतो का, आणि काइटपासून सुटका करणारी क्विक रिलीज पहिल्याच दिवशी शिकवतो का, हे विचारा. जो बॉडी ड्रॅगिंग न शिकवता थेट बोर्डवर उभं करायला निघेल, त्याला नमस्कार करा आणि पुढचा शॅक गाठा.