पावसातली सांत आना

आषाढाच्या उतरणीला गोव्यात तिसवाडीतल्या तळावलीला जावं. शेतं पोपटी झालेली असतात, माडांच्या झावळ्या निथळत असतात आणि त्या हिरव्या गर्दीतून पाच मजल्यांची, दोन मनोऱ्यांची पांढरीशुभ्र दर्शनी भिंत एकाएकी समोर येते. हे सांत आनाचं चर्च. सांत आना म्हणजे मारियेची आई, येशूची आजी.

फ्रान्सिस्को दो रेगो या धर्मगुरूंनी 1681 मध्ये बांधकाम सुरू केलं. 1695 मध्ये आंतोनियो फ्रान्सिस्को दा कुन्हा यांनी ते पूर्ण केलं. चौदा पावसाळे या कामाने अंगावर घेतले. घडण युरोपातल्या बरोक शैलीची, पण अंग इथल्या मातीचं. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, सहज तासता येतो. उघड्यावर राहिला की टणक होतो. तरी त्याची छिद्रं पाणी पितातच. म्हणून वरून चुन्याचा गिलावा. डोळ्यांना सुखावणारं ते पांढरेपण म्हणजे खरं तर जांभ्याने पांघरलेलं इरलंच.

आत गेल्यावर मान आपोआप वर जाते. डोक्यावर कमानदार छत, भिंतींतल्या कोनाड्यांच्या माथ्यावर कोरलेले शिंपले. समुद्र किती जवळ आहे, हे त्या कारागिरांचे हात विसरले नव्हते. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत, याची मला फार हळहळ वाटते. भिंती इतक्या रुंद, की त्यांच्या पोटातून माणूस चालू शकेल अशा वाटा ठेवल्या आहेत. पापाची कबुली द्यायला लोक तिथून गुपचूप येत, असं सांगतात.

26 जुलै हा सांत आनाचा दिवस. त्याच सुमारास इथे तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त भरतं. पावसात मांडवावर चढलेल्या वेलांची ही कोवळी तवशी: अंगावर बारीक काटेरी लव, टोकाला सुकलेलं पिवळं फूल अजून चिकटलेलं. मूल व्हावं म्हणून जोडपी ती सांत आनाच्या पायाशी ठेवतात. परंपरा सांगते, की आना आणि तिचा नवरा जोआकिम यांनाही उतारवयापर्यंत मूल नव्हतं. मग मारिया झाली. वाट पाहणं काय असतं ते जिने सोसलं, तिच्याकडेच हे मागणं न्यायचं. तवसं घेऊन येणाऱ्याला त्याचा धर्म इथे कुणी विचारत नाही.